मतदानाचा मुऱ्हाळी

दीपमाला रावेरकडच्या या गावात सून म्हणून आली त्याला दोन तपं होऊन गेली, तरी बोलण्याच्या भरात तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी 'शे' निसटायचं आणि बायका फिसकन हसायच्या. 'आली बाई धुळ्याकडची!' हसणाऱ्यांचं काय जातं! सासरी आल्यावर बाई सगळं शिकते. केळी भरायच्या गाडीत पाला कसा अंथरायचा ते शिकते, इथल्या पद्धतीनं भरीत ठेचायला शिकते, 'शे'च्या जागी 'हाय' म्हणायला शिकते. पण एखादं 'शे' माहेराहून आलेलं जिभेखाली लपून बसतंच. ते कुणाच्या बापाला काढता येत नाही.

यंदा लोकसभेच्या आधी तहसील कचेरीनं ठरवलं, की मतदारनोंदणीच्या गुरुजींबरोबर गावातली एक जाणती बाई द्यायची. कारण उघड होतं. गुरुजी दारात उभे राहिले की घरातल्या बायका आत जात, आणि गुरुजींच्या यादीपुरत्या त्या आतच राहत. दीपमाला बचत गट चालवायची, चारचौघांत बोलायला भ्यायची नाही, त्यामुळे तिचं नाव निघालं. "मतदार कार्ड आहे ना तुमचं?" गुरुजींनी विचारलं. "आहे की," ती म्हणाली. आणि कार्ड होतंच.

गाव तसं नाना तऱ्हेच्या लोकांचं. केळीच्या मळ्यांचे मालक पाटील, इकडे बौद्धवाडा, नाल्यापलीकडे तडवींची वस्ती, आणि सातपुड्यातून उतरून मळ्यांतच खोपटं घालून राहिलेले पावरा मजूर. प्रत्येकाची सबब वेगळी. तडवींच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, फोटो द्यायचा तर पोराला विचारून सांगते. मजूर म्हणायचे, आम्ही आज इथं, उद्या डोंगरात, आमचं कुठलं गाव लिहिणार? पाटलांच्या सुना म्हणायच्या, आमचं नाव माहेरी आहे हो, राहू द्या तिथंच, काय बिघडतं?

दीपमालाकडे सगळ्यांना एकच उत्तर होतं. "चूल जिथं, नाव तिथं." हे तिनं स्वतःच जुळवलेलं. गुरुजींना ते इतकं आवडलं की त्यांनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहून घेतलं. तिचा दुसरा नियमही पक्का होता. कुणी हळूच विचारलं, "ताई, बटन कोन्तं दाबू?" की ती कानावर हात ठेवायची. "ते मला सांगू नको, मी तुला सांगणार नाही. मी दारापर्यंत पोचवणारी बाई. आत तुझं राज्य." एका तडवी म्हातारीला हे इतकं पटलं की तिनं पोराला न विचारताच फोटो दिला.

आणि गंमत बघा. भिंतीवर जिचं वाक्य लिहिलेलं, त्या बाईची चूल इथं पेटत होती आणि नाव मात्र दूर शिंदखेड्याकडच्या एका तापीकाठच्या गावात, बापाच्या घरनंबराखाली, अजून तसंच होतं.

त्याला कारण तिचा बाप, सुपडू. दुसऱ्याच्या रानात राबणारा माणूस, पण डोकं स्वतःचं. पोर अठराची झाली त्या वर्षी तिचा हात धरून तो तिला नाव लावायला घेऊन गेला. पोरीचं नाव लग्नाआधी लावायची तिकडे रीतच नव्हती. लेक परक्याचं धन, आज लावा, उद्या काढा, हे उपद्व्याप कोण करणार? त्यामुळे माहेरी नाव लागायचं नाही, आणि सासरचे म्हणायचे, पहिलं बाळंतपण होऊ द्या, मग बघू. मधली कितीतरी वर्षं पोरगी कुठलीच नसायची. पारावरची माणसं सुपडूला हसली. "अरे सुपडू, पोरनं नाव काबर लावस? उद्या चालनी जाई ती."

"चालनी जाई तव्हय पाहू," सुपडू म्हणाला. "आज ते आठेच शे ना?" आज इथं आहे तर आज इथं नाव, एवढाच त्याचा हिशेब.

ती गेलीच पुढे. दिल्या घरी नांदायला लागली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला बाप नाहीतर भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सुपडूच्या बौद्धवाड्यात आखाजीची घागर पुजणं कधीच बंद झालं होतं, पण लेकी यायच्या थांबल्या नव्हत्या. निंबाला झोके तसेच बांधले जात. पण ऐन आखाजीत रावेरकडे केळीची कापणी, सासरी हात कमी, सासूबाईंचं तोंड वाकडं. दोन-तीनदा सुपडू रिकाम्या हातानं परत गेला. मग त्यानं युक्ती काढली. निवडणूक लागली की आदल्या दिवशी पांढरी टोपी घालून तो दारात हजर. "सरकारी काम शे, जावईबापू. नही म्हनता येत नही."

आता सरकारी कामापुढं सासूबाई काय बोलणार! ग्रामपंचायत झाली, जिल्हा परिषद झाली, विधानसभा झाली. प्रत्येक वेळी सुपडू यायचा, लेकीची पिशवी स्वतः धरायचा, आणि भुसावळला गाडी बदलताना तिला शेव-मुरमुरे घेऊन द्यायचा. लोकांना निवडणुकांचा वीट येतो. या देशात निवडणुका कमीच पडतात असं वाटणारी दीपमाला एकटीच असेल.

सुपडू गेला, पाठोपाठ आई गेली. भाऊ बायकापोरांना घेऊन सुरतेला गेला आणि घराला कुलूप लागलं. आखाजीचा मुऱ्हाळी तर कधीच संपला होता. राहिला एक फोन. शेजारचे भटूनाना, बापाचे जुने सोबती, मतदानाच्या आदल्या दिवशी न चुकता फोन करायचे. "दीपा, नाव शे यादीमा. ये." एवढंच बोलून ठेवायचे. तेवढ्यावर ती निघायची. मत द्यायची, नानांच्या ओट्यावर पाणी प्यायची, आपल्या बंद दाराच्या कडीला हात लावायची आणि पाचच्या गाडीनं परतायची. आपण कुणाच्या तरी यादीत अजून आहोत, आपली कुणीतरी वाट बघतंय, एवढं एका बाईला पुरतं. निदान पुरवावं लागतं.

फाल्गुनात एके दुपारी ती पाटलांच्या आळीत बसली होती. बैठक संपली, बायका पांगल्या, आणि जितेंद्र पाटलांची मोहिनी मागं रेंगाळली. पोरगी विशीची, जळगावला कॉलेजात शिकलेली. अमळनेरचं स्थळ ठरलं होतं आणि लग्न निवडणुकीनंतरच्या महिन्यात होतं.

"ताई, माझं नाव इथं लागेल का?"

"लागेल की. अठरा झाली तेव्हाच लागायला हवं होतं."

"पप्पा म्हणतात, आता कशाला? तिकडे गेल्यावर तेच करतील." मोहिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पण ताई, मी इथं जन्मले. या शाळेत शिकले. आणि या गावाच्या कुठल्याच कागदावर मी नसणार? एकदा तरी इथून मत द्यायचंय मला. गेले की गेलेच ना मी."

दीपमालाला स्वतःचं अठरावं वर्ष आठवलं, बापाचा हात आठवला. "तुझ्या वयाला वडिलांची परवानगी लागत नाही बाई," ती म्हणाली.

"माहितीय. पण त्यांना दुखवून नाही करणार."

"मग मी बोलते."

जितेंद्र पाटील माणूस वाईट नव्हता, हट्टी होता. त्यानं तिला ओट्यावर खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मुद्द्यावर आला.

"ताई, पोरीचं लगन ठरेल हाय. आता इथं नाव टाकायचं, दोन महिन्यानं काढायचं, आडनाव बदलायचं. कागदाले कागद लागत नाही मंग. हे धंदे काहाले?"

"भाऊ, काढायचा त्रास नाही. एक अर्ज केला की नाव इथून उचलून तिकडे जातं. माझ्या बापानं माझं नाव लग्नाआधीच लावलं होतं. तो तर मजूर माणूस."

हे बोलली आणि जीभ चावली. पाटलानं बशी खाली ठेवली.

"अस्सं? मंग ते नाव इकडे कधी आणलं तुम्ही?"

खोटं बोलता आलं असतं. पण दारोदार जाऊन लोकांना खरं लिहायला लावणाऱ्या बाईला ते जमेना. "नाही आणलं," ती म्हणाली. "तिकडेच आहे."

पाटील मोठ्यानं हसला. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! शाळेच्या भिंतीवर काय लिहेल हाय, ताई? आमच्या सुनाइले सांगू ऱ्हायल्या, माहेरचं नाव सोडा. अन् तुम्ही?" मग हसू आवरून म्हणाला, "बरं, एक काम करा. तुम्ही तुमचं नाव इकडे आना. ज्या दिवशी आनाल त्या दिवशी मी पोरीचा अर्ज भरतो. जितेंद्र पाटलाचा शब्द हाय."

त्याला वाटलं, बाई गप्प बसेल आणि विषय मिटेल. दाराआड मोहिनी उभी होती, तिची सावली उंबऱ्यावर दिसत होती. दीपमालानं अर्धा चहा तसाच टाकला आणि उठली.

घरी आल्यावर तिनं कणीक मळायला घेतली आणि मळतच राहिली. नवरा, युवराज, जेवायला बसला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे ना. कोण विचारतंय? पोरगी काय, तिकडे देईल मत." नवऱ्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण तिच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. गेले की गेलेच ना मी. एका पोरीला तिच्या माहेरात एकदा उभं करायचं, तर आपण आपल्या माहेरातून उठायचं. हा कसला सौदा! नाव गेलं की नानांचा फोन जाणार. फोन गेला की जायचं कशाला? भाऊ नाही, घर बंद. नुसतंच गेलं तर माणसं विचारतील, काय काम काढलंस?

त्या रागात तिनं बापालाच बोलून घेतलं. कशाला लावलंस नाव? नसतंस लावलं तर आज काढायची पाळी आली नसती. मग तिलाच हसू आलं. बाप असता तर काय म्हणाला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आज तू कोठे शे? रावेरकडे ना? मग?

दुसऱ्या दिवशी तिनं गुरुजींपुढं बसून स्वतःचा अर्ज भरला. जुना पत्ता लिहिताना तिनं गावाचं नाव अगदी सावकाश लिहिलं, जणू चूक झाली तर गावच हरवेल. गुरुजींनी पोचपावती फाडून दिली. तिथून ती थेट पाटलाच्या ओट्यावर गेली आणि ती त्याच्यापुढं धरली.

पाटील बघतच राहिला. "मी तं मजाक केली होती, ताई."

"मी नाही केली."

त्यानं मान खाली घातली आणि आत हाक मारली, "मोहिनी, आधार कार्ड आन तुझं."

यंदा इकडचं मतदान आखाजीनंतर लगेच आलं आणि धुळ्याकडचं त्याच्या पुढच्या आठवड्यात. मतदानाच्या दिवशी उन्हानं कहर केला होता. तरी नाल्यापलीकडच्या म्हाताऱ्या आल्या, मळ्यातले मजूर कापणीचे कोयते बांधावर ठेवून आले. दीपमालानंही सासरच्या शाळेतलं आपलं पहिलं मत दिलं. बोटाला शाई लागली तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

मोहिनी नवी कोरी साडी नेसून आली होती. बाहेर आली तेव्हा चेहरा असा फुलला होता, की रांगेतल्या बायका म्हणाल्या, हळद लागली का काय! ती शाळेच्या फाटकापाशी थांबली, भिंतीवरून, घंटेवरून, निंबावरून नजर फिरवली आणि मैत्रिणींबरोबर गेली. तिचा बाप मात्र तिथंच निंबाखाली घुटमळत राहिला. मग हळूच दीपमालाजवळ आला.

"ताई, हे नाव लगेच काढाच लागते का?"

"कोणतं, भाऊ?"

"मोहिनीचं." पाटील उन्हाकडे बघत होता. "म्हणजे, राहू दिलं एक-दोन निवडनुका तं? मी जातो ना तिले घ्यायले. गाडी हाय घरची. तेवढ्या निमित्तानं येईल पोरगी. सासरचे मतदानाले तं नाही म्हननार नाहीत."

दीपमालासमोर पाटील नव्हताच, पांढऱ्या टोपीतला सुपडू उभा होता. सरकारी काम शे, जावईबापू. याच माणसानं आपलं नाव सोडायला लावलं आणि आज हाच आपल्या बापाची युक्ती मागतोय. राग यावा की गळ्यात पडून रडावं? तिचे डोळे भरून आले आणि ते तिनं लपवलेही नाहीत.

"चूल जिथं, नाव तिथं, भाऊ. तुम्हीच शिकवलंत मला." ती थांबली. "नाव जाऊ द्या तिच्यासोबत. पण घ्यायला जात जा. निवडणूक नसली तरी जात जा. काही काम नसलं तरी."

पाटलानं नुसती मान हलवली आणि उपरण्यानं तोंड पुसत निघून गेला.

पुढच्या आठवड्यात, धुळ्याकडच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी फोन वाजला. तिनं धावत जाऊन उचलला.

"दीपा, यादीमा तुनं नाव दिसत नही," भटूनाना म्हणाले. "पुन्हा पुन्हा पाह्यं."

"मीच काढं नाना. इकडे लावं."

नाना म्हणाले, "बरं करं. नियम शे तो." आणि फोन ठेवला. 'ये' म्हणाले नाहीत.

दीपमाला फोन हातात धरून तशीच बसली. नानांचा तरी काय दोष? इतकी वर्षं त्यांनी तिला नावासाठीच बोलावलं होतं. नाव नाही तर बोलवायचं कशासाठी, हे त्यांना सुचलं नाही आणि तिला मागता आलं नाही. युवराजनं विचारलं, कुणाचा फोन? ती म्हणाली, माहेरचा. तो म्हणाला, मग जाणार का? ती म्हणाली, कशाला? आणि हे बोलताना तिलाच तिचं निंबाखालचं बोलणं आठवलं. पाटलाला शहाणपण सांगताना बरी जीभ चालली होती! काही काम नसलं तरी.

सकाळी तिनं पिशवी भरली. धरायला मुऱ्हाळी नव्हता, म्हणून स्वतःच धरली. भुसावळला गाडी बदलताना शेव-मुरमुरेही स्वतःच घेतले. अमळनेर मागं पडलं तसं गाडीत 'शे' ऐकू यायला लागलं आणि तिच्या जिभेखालचं 'शे' आपोआप वर आलं.

गावात पोचली तेव्हा दुपार कलली होती. शाळेसमोर रांग होती, ओळखीच्या माना वळल्या. ती रांगेकडे गेली नाही. नानांच्या ओट्यावर त्यांची बायको भिकुबाई बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. नाना खाली लाकडी बाजेवर होते. दीपमालाला बघून ते उठून उभे राहिले.

"कोन? सुपडूनी पोर का?" भिकुबाईनं तिचा हात ओढून डोळ्यांजवळ नेला. आठवड्यात शाई कातडीवरून उतरली होती, नखावर मात्र काळीशार होती. म्हातारीचा चेहरा उजळला. "मत दिन्हं का, माय?"

दीपमालानं नानांकडे पाहिलं. नानांनी मान दुसरीकडे वळवली.

"दिन्हं, काकी," ती म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"बठ मग. दरवख्ती शाई लागी का पाचनी गाडीले पयस तू. आज काय काम शे तुले?"

"काहीच नही, काकी," दीपमाला म्हणाली. "आज काहीच काम नही. नुसतीच उनू."

भटूनाना घरात गेले. आत फळीवरचं काहीतरी खाली काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गंजकी किल्ली होती. भाऊ सुरतेला जाताना ठेवून गेलेली. इतकी वर्षं ती इथंच होती. दीपमालानं कधी मागितली नव्हती, कारण तिला नेहमी गाडी गाठायची असायची.

"चाल," नाना म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. "घर उघडी देस तुनं."

पाचची गाडी वेळेवर आली आणि वेळेवर गेली. दीपमाला बापाच्या उंबऱ्यात केरसुणी घेऊन बसली होती आणि भिकुबाई ओट्यावरून विचारत होती, भाकरी इकडे खाशी का तिकडे चूल पेटाडशी?